खंय हसलंस?

दाभोली नाक्यावर, काजूच्या फॅक्टरीसमोर,
माझ्या टायपिंग क्लासात तो आला
तेव्हा सिगारेटच्या उलट्या पाकिटांवर सिनेमा लिहिलेला होता.
पुंडलिक खोबरेकर, वय एकोणतीस,
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
पानाला सव्वा रुपया, मी म्हटलं, कार्बन प्रतीचे वेगळे.
विनोदी आहे, म्हणाला, थोडं कमी नाही होणार?

गोष्ट एवढीच:
नगरपालिकेला आगीचा बंब मिळतो
आणि तीन वर्षं गावात आग लागत नाही.
ड्रायव्हर रोज बंब धुतो.
कुणाची शेळी विहिरीत, कुणाची वरात वळणावर,
तो घंटा वाजवत जातो आणि हळू परत येतो.
शेवटी होळीच्या रात्री बंब मांडावर नेतो,
लांब उभा करतो,
नुसता बघतो.

टाईप करताना मी फसकन हसले.
त्यानं मान वर केली: "खंय हसलंस गो?"
मी ओळ दाखवली.
त्यानं तिथे पेन्सिलीनं टिंब काढला
आणि कडेला लिहिलं,
इथे पडद्यावर कुणीही हसायचं नाही.

संवाद कमीच असायचे.
(थांबतो.)
एक ओळ मोकळी.
(अजून थांबतो.)
माझ्या मशीनचा कंस त्यानंच झिजवला.

नट कुठले? चर्चची घंटा वाजवणारा सायमन आल्मेडा
बंबाची घंटा वाजवायला आला.
सुईण द्वारकाबाय सुईणच झाली,
आणि शूटिंग टाकून दोनदा खऱ्या बाळंतपणाला गेली;
दुसऱ्या वेळी कॅमेरा तिच्यामागून निघाला
तो अंगणापर्यंत. दार तिनं तोंडावर लावलं.
ते दारही सिनेमात आहे.

मग दिल्लीची शाल. मग एका पावसाळ्यात
स्कॉटलंडातल्या कुठल्याशा मासेमारी गावाचं पत्र:
आमच्याकडेही असाच बंब आहे,
आमचा सायमन मात्र दारू पितो.
मी वाचून मराठीत सांगितलं.
तो एवढंच म्हणाला, "ते खंय हसले, ता लिवलेला आसा?"
लिहिलं होतं. जिथे काहीच घडत नाही, तिथे.
दिवसभर तो जेटीवर कुणाशी बोलला नाही,
खूश असला की तसंच करायचा.

दुसरा सिनेमा: दोन फॅक्टऱ्या, एकच भोंगा.
चौदा आठवडे चालला.

तिसरा त्यानं माझ्याकडे आणला नाही.
अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता,
हिरो होता, हेलिकॉप्टर होतं.
इथल्या थिएटरात मी पहिल्या दिवशी गेले.
त्याच्या प्रत्येक थांब्यात
एक जाड आवाज भरून ठेवलेला:
"आता बघा मंडळी, याची कशी फजिती होते!"
बावीस मिनिटं कापली होती, नंतर कळलं.
मी अंधारात बसून कंस शोधत होते.

तो परत आला. मच्छीमार सोसायटीत
डिझेलच्या कोट्याचा हिशोब लिहायला लागला.
लोक विचारायचे, "मगे, फुडचो कधी?"
"कोटो इलो की," तो सांगायचा.
अशी तीस वर्षं.

आता टायपिंगच्या परीक्षाही मशीनवर होत नाहीत.
सात मशीनं भंगारात गेली, एक ठेवलंय,
कोर्टाच्या कामाला कधी लागतं.
परवा तो काठी टेकत आला.
वीज मंडळाला अर्ज करायचा होता.
सांगत गेला, मी बडवत गेले:

महोदय, आमच्या घरावर खांब कलला आहे.
नऊ वर्षं झाली. वायरमन येतो.
खांब बघतो. आमच्याकडे बघतो.
(थांबतो.)
पडणार, म्हणतो.
चहा घेऊन जातो.

मी हसले.
त्यानं विचारलं नाही.
खिशातून पेन्सिल निघाली होती आधीच.

अर्ज त्या टिंबासकट साहेबांकडे गेला.
कार्बन प्रत माझ्याकडे आहे.
खांब तसाच आहे.